उपाशीपोटी चौदा चमचे

६ मार्च

ताई,

डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणून लिहितेय, नाहीतर लिहिलं नसतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तुला उगाच गहिवरून यायला नको. त्यांना एवढंच हवंय, की सख्ख्या भावंडांत कुणाला शुगर आहे का. बाबांचं मी सांगितलं. आधी अंगठा, मग पाऊल, मग पुढचं सगळं. त्या लिहून घेत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि बहिणीला?" मी म्हटलं, "तिला कशाला काय होतंय!"

तर आहे का तुला? हो किंवा नाही, एवढंच कळव.

फोन केला नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

झालंय असं, की कारखान्याची वार्षिक तपासणी झाली. उपाशीपोटी रक्त घेतलं. माझा आकडा आला एकशे एकोणसाठ. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. म्हणाल्या, "शक्यता आहे. एवढ्यावरून मी शिक्का मारत नाही, पण शक्यता आहे. पुन्हा रक्त देऊन जा, आणि तीन महिन्यांची सरासरी कळते तीही तपासणी करून घ्या." मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. शिपाई म्हणाला, बाई, पाणी आणू का? मी त्याच्यावर खेकसले.

शुगरची मला भीती वाटत नाही असं नाही. बाबांचं ड्रेसिंग आपण दोघींनी केलंय. पण जिन्यात बसले होते तेव्हा मला पाय दिसत नव्हते, खुर्ची दिसत होती. आजार पक्का झाला की साहेबांना कळवावं लागेल, आणि शुगर असलेल्या बाईला जॅमच्या चवीच्या टेबलावर कोण बसू देईल? मुख्य चव घेणारीची खुर्ची, खिडकीकडे पाठ असलेली. तू उठलीस आणि मला मिळाली. तुझी तिथे सात वर्षं झाली होती, माझी नऊ झाली. हो, मी मोजते. आयुष्यात तुझ्यापेक्षा जास्त दिवस टिकलेली माझी ती एकच गोष्ट आहे.

तुला नसणारच म्हणा. तू अजून तशीच काडी असशील. मोठीचे कपडे धाकटीला घट्ट व्हायचे असं आपलं एकच घर असेल. आई उसवून द्यायची आणि तू शेजारी बसून म्हणायचीस, "कापड सोडलंय ना आतून, होईल." तुझा स्वर चांगलाच असायचा. त्याचाच मला जास्त राग यायचा.

उत्तर पाठव.

धाकटी


१४ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. राहू दे, आता गरज नाही. मला काहीही झालेलं नाही!

परवा पुन्हा रक्त द्यायला गेले. सकाळचं काम आटपून, सव्वादहाला. रक्त घेणारी नवीन होती, पोरसवदा, पण चौकस.

"उपाशीपोटी आहात ना?"

"हो."

"चहा, बिस्कीट, काही नाही?"

"काही नाही."

"पाणी?"

"घोट घोट. चमच्यांच्या मध्ये."

तिने दंडाला बांधलेली रबरी पट्टी सोडली. "कसले चमचे?"

"चवीचे."

"कसली चव?"

"जॅमची. सकाळची बॅच असते ना."

"किती चमचे?"

"आज चौदा."

ती खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या हसल्या नाहीत. "अहो, चौदा चमचे जॅम खाऊन तुम्ही उपाशीपोटी म्हणता?" मी म्हटलं, "खाल्लं कुठे? चव घेतली."

तूच सांग, यात माझं काय चुकलं? आपल्या टेबलावर चव घेण्याला कधी कुणी खाणं म्हटलंय का? सकाळी आठला लाल दिव्याखाली बसायचं, रंगाने जीभ फसू नये म्हणून. नंबर टाकलेल्या वाट्या पुढे यायच्या. साडेनऊला उठायचं आणि म्हणायचं, चला, पोटात काही गेलं नाही, जरा खाऊन घेऊ. तूही हेच म्हणायचीस. वार्षिक तपासणीलाही मला दहा वाजता, टेबलावरूनच बोलावलं होतं. म्हणजे तो एकशे एकोणसाठ माझा नव्हेच, जॅमचा होता.

घरी येऊन मी ह्यांना रंगवून सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "तू गिळतेस?"

"हो."

"ताई गिळायच्या?"

"नाही."

पेपर पुन्हा वर गेला. तुझं नाव या घरात नऊ वर्षांनी निघालं आणि तेही माझ्याविरुद्धच.

तर हो, गिळते. टेबलावरच्या बाकीच्या चौघी भांड्यात थुंकतात, मी गिळते, आणि का ते तुला सांगायचं मनात होतंच. तू चमचा नुसता ओठाला लावायचीस आणि म्हणायचीस, "आच दोन मिनिटं जास्त लागलीय." माणूस जाऊन नोंद बघून यायचा. दोनच मिनिटं. सगळ्या टेबलाचे डोळे तुझ्याकडे. मी तुझ्या शेजारी बसून त्याच वाटीतला तोच जॅम चाटत असायचे आणि मला कळायचं, की जॅम गोड आहे. रडू यायचं ताई, खरंच.

मग एकदा चुकून गिळला. आणि घशात मागून, बराच वेळाने, एक करपट कड आली. थुंकणारीला ती सापडत नाही. त्या दिवशी तू पास केलेली बॅच मी अडवली, आणि कढईच्या तळाला खरंच लागलेलं निघालं. तुला आठवत नसेल. मला तारीख, वार, तू कोणती साडी नेसली होतीस, सगळं पाठ आहे. त्या दिवसापासून मी गिळते. तुझ्याकडे जीभ होती, मग मी घसा लावला.

आणि तू काय केलंस? निरोपाच्या दिवशी, तुला मुख्य कचेरीतली मोठी जागा मिळाली म्हणून आम्ही टाळ्या वाजवत असताना, साहेबांसमोर, चौघींसमोर म्हणालीस, "खुर्ची हिलाच द्या, पण ही गिळते. हिच्यावर लक्ष ठेवा." जाता जाता चोरी पकडल्यासारखं. त्यानंतर मी तुझं एकही पत्र उघडलं नाही. मग तू लिहायचीच थांबलीस.

डॉक्टरीणबाई म्हणतात ती सरासरीची तपासणी करूनच घ्या, तिला सकाळी काय खाल्लं याच्याशी देणंघेणं नसतं. करीन सवडीने. आता कसली घाई?

धाकटी


२९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर तुझं नव्हतं, म्हणून मला वाटलं तू गेलीस. दारात उभ्यानेच फोडलं, पायात चप्पल तशीच. आतलंही अक्षर तुझं नव्हतं. गोल गोल, पाठ्यपुस्तकातल्यासारखं. पहिल्या ओळीत "प्रिय धाकटे" आणि दुसऱ्या ओळीत "मला अक्षरं नीट दिसत नाहीत म्हणून खालच्या मजल्यावरची शिवणवाली लिहून देतेय."

चार वेळा वाचलं. आता उत्तर देते. थोडं वेडंवाकडं होईल.

तर तुला शुगर आहे. नऊ वर्षं आणि वर काही महिने. म्हणजे इथेही तू पहिली! हसू नकोस, पहिल्या वाचनात माझ्या मनात खरंच हेच आलं. निदान हा आजार तरी माझा एकटीचा असेल असं वाटलं होतं, तर तिथेही तू आधीच जाऊन बसलेलीस. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि खाली बसले.

मोठी जागा नव्हती म्हणतेस. लेबलं तपासायचं काम. केबिन नाही, नुसतं एक लांब टेबल, आणि तुझ्यासमोर दिवसभर दुसऱ्या कुणीतरी चाखलेल्या जॅमची लेबलं. आणि मी इथे नऊ वर्षं ज्याला त्याला सांगत फिरले, की आमच्या ताई आता साहेबीण झाल्या, गाडी येते न्यायला. गाडी कुठून आली देव जाणे. माझ्या जळफळाटातून आली.

तू लिहिलंयस, की शुगर निघाल्यावर तू आपणहून टेबलावरून उठलीस, कारण बाबांचं पाऊल तू विसरू शकत नव्हतीस, आणि बाबांसारखे तुझेही पाय रोज सकाळी घरातल्या कुणी तपासायला नको होते. निरोपाच्या दिवशी जे बोललीस ते चुगली म्हणून नव्हे. आपण एकाच बाबांच्या, आणि मी सकाळ-दुपारच्या बॅचा धरून रोज चाळीस चमचे गिळतेय, हे बघून तुला झोप लागत नव्हती. "तुला एकटीला सांगून बघितलं होतं, तू पाठ फिरवलीस, म्हणून चारचौघांत म्हणाले." हे खरं आहे. तू सांगितलं होतंस. मला वाटलं, माझी करपट कड तुला खुपतेय.

आणि ते पुढचं. "तुला कारण सांगितलं असतं, तर खुर्ची मिळूनही तू जिंकलीस असं तुला वाटलं नसतं. आणि तुला एकदा तरी तसं वाटायला हवं होतं." असं कुणी करतं का ताई? माणसाला जिंकू द्यायचं आणि नऊ वर्षांनी कळवायचं, की आम्ही दार उघडं ठेवलं होतं! मी पत्र फेकलं. मग उचललं आणि इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलं, सरळ व्हावं म्हणून.

आता या शिवणवालीचं काय ते बोलू. ती तुझी शुगर बघते. ती तुला इंजेक्शन भरून देते. डोळ्यांच्या मागे रक्त उतरलंय हे तिला दोन महिन्यांपूर्वी माहीत होतं. चोवीस एप्रिलला लेझर करायचंय आणि सोबत तीच येणार आहे, सुट्टी काढून ठेवलीय तिने. फार मोठं मन. आणि तुला दिसत नाही, म्हणजे माझी दोन्ही पत्रं तिने वाचली. मोठ्याने! ती साडीची गोष्ट, ते रडू आल्याचं, सगळं तिच्या तोंडून ऐकलंस. कोणत्या आवाजात वाचते ती मला? घट्ट कपड्यांच्या इथे हसली का?

अहो शिवणवाल्या बाई, हा परिच्छेद तुम्ही वाचू नका. तुमचे उपकार आहेत, मान्य. पण तुम्ही कोण? तिला ताप आला की ती कुशीवर वळून भिंतीला पाय टेकवते, हे तुम्हाला माहीत आहे? असेलच माहीत. मग राहू द्या.

ताई, मला तुझा खूप हेवा वाटत आलाय. जिभेचा, कमरेचा, लग्न न करता सुखाने राहिलीस त्याचा, बाबांनी शेवटी तुला हाक मारली त्याचा. पण या बाईचा जेवढा वाटतोय तेवढा तुझाही कधी वाटला नव्हता. लपवलंस ते मी समजू शकते. सांगितलंस तेव्हा दुसऱ्याच कुणाला सांगितलंस.

सरासरीची तपासणी अजून केलेली नाही. तू विचारशील म्हणून सांगितलं. चौदा चमच्यांच्या विनोदावर मी दोन आठवडे काढले. सोमवारी जाते.

धाकटी


१८ एप्रिल

ताई,

सहा पूर्णांक आठ. साडेसहाच्या वर असलं की ती शुगर. डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन दिवसांनी पुन्हा केली, खात्रीसाठी, तीही तेवढीच आली. यात जॅमला दोष देता येत नाही, म्हणून मी विचारलं, "चमच्यांमुळे झालं ना?" मला वाटत होतं त्यांनी हो म्हणावं. म्हणजे तुझ्या हेव्यापायी मी हे गिळून गिळून ओढवून घेतलं असं मला म्हणता आलं असतं, मोठं नाट्यमय झालं असतं. त्या म्हणाल्या, "चमच्यांनी मदत केली असेल. पण वडील, वय, वजन आणि दिवसभराचं बसणं, हे सगळं धरा. एकट्या जॅमवर खापर फोडू नका." गोळी दिलीय, रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. हे सोबत येतात. चालताना पेपर वाचता येत नाही म्हणून बोलतात. एकोणतीस वर्षांत एवढे बोलले नव्हते. अर्धं नको असलेलं असतं.

साहेबांना मीच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग काय झालं? बाकीच्या सगळ्या थुंकतात. तुम्हीही थुंका." इतकं साधं! म्हणजे जिन्यात बसून मी ज्याची भीती घेतली ती गोष्ट त्यांच्या डोक्यातही नव्हती. दोन दिवस मी हवेत होते.

तिसऱ्या दिवशी टेबलावर बसले, वाटी उचलली, चमचा तोंडात फिरवला आणि भांड्यात थुंकले. पुढची वाटी. पुढची. मला कळलं, की जॅम गोड आहे. ताई, मला एवढंच कळलं. अकरा नंबर मी पास केला आणि माझ्या डावीकडे बसते ती नवी, टेबलावर येऊन वर्ष झालं नाही तिला, ती म्हणाली, "बाई, हा तळाला लागलाय." तोही थुंकून. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने मान खाली घातली. मग तळ बघितला. लागला होता.

मी त्या दिवशी गिळू शकले असते. कुणी बघत नव्हतं. पुढची वाटी हातात होती आणि माझा घसा अक्षरशः तयार होऊन बसला होता. बाबांचं पाऊल मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, आलं नाही. तुझं लांब टेबल आलं, आणि त्या लेबलांवर तू डोळे ताणतेयस ते. थुंकले.

शुक्रवारी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, मुख्य खुर्ची त्या नवीला द्या, मला शेजारी ठेवा. ते म्हणाले, घाई कशाला, तीन महिने बघू. मी म्हटलं, बघून काय करायचं, मला माहीत आहे. माझ्याकडे जीभ कधीच नव्हती. सोमवारपासून ती खिडकीकडे पाठ करून बसतेय. बसायला तिला संकोच वाटत होता, तर मीच खुर्ची मागे ओढून दिली. दिवसभर माझ्या पोटात दुखलं. अजून दुखतंय. पण ती फार छान चाखते ताई. तुझ्यासारखी, ओठांनीच.

डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे तपासायला पाठवलं होतं. ते थेंब घातले की तीन तास सगळं धूसर दिसतं, तुला माहीतच असेल. बाहेर बाकावर बसले होते. समोर कुणी येऊन उभं राहिलं तर बाई की पुरुष कळत नव्हतं, आणि हातातल्या कागदावर नुसत्या काळ्या मुंग्या. तीन तास. मग डॉक्टरांनी सांगितलं, "डोळे उत्तम आहेत. वेळेत कळलं तुम्हाला." पाय चांगले, मूत्रपिंडं चांगली. बाकी सगळ्यांनी अभिनंदन केल्यासारखे चेहरे केले. आयुष्यभर मी तडफडले, की एक तरी गोष्ट माझ्याकडे ताईपेक्षा चांगली असावी. मिळाली. डोळे मिळाले. मी तिथेच, त्या बाकावर, लोकांदेखत रडले. ही सरशी मला नको होती ताई. तू पुढेच बरी होतीस.

चोवीसच्या तुझ्या लेझरसाठी मी बावीसपासून रजा टाकलीय. बावीसच्या दुपारच्या गाडीने येतेय. हे म्हणाले, आधी कळवलंस का? मी म्हटलं, बहिणीकडे जायला कसलं कळवायचं? म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. पिशवीत, गोळ्यांच्या डबीजवळ ठेवलंय. आल्यावर तुझ्या खाटेशी बसून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवीन. मध्येच बोललीस तरी चालेल.

आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांग, तुमची सुट्टी रद्द करा आणि मशीनवर बसा. वाचायला मी आलेय.

धाकटी